रुमालाखालचा हात

बी.ए. होऊन घरी आल्यावर जवळजवळ सहा महिने मी देवाशी भांडत होतो, आणि त्या भांडणात माझी बाजू खरी आहे याविषयी मला जराही शंका नव्हती. आज त्याला दहा-अकरा वर्षं झाली. मधे लढाई आली नि गेली, रेशनच्या रांगा आल्या, इंग्रज गेला. एवढ्या उलथापालथीत माणसानं आपल्या तरुणपणातल्या दुखण्याची आठवण कशाला काढावी, असं कोणी म्हणेल. पण आमच्या भागातली चार मुलं आता मुंबईला कॉलेजात शिकताहेत. सुटीत भेटायला येतात तेव्हा त्यांच्या तोंडावर मला माझं तेव्हाचं तोंड दिसतं. पुढं काय, असं कोणी विचारलं की ती चिडतात. मीही चिडत असे. त्यांच्यासाठी, आणि ज्यानं मला त्या दिवसांतून बाहेर काढलं त्याचे आभार कुठंतरी लिहून ठेवावेत म्हणून, हे लिहितो आहे. यात चमत्कार म्हणावा असं काही नाही. जे घडलं ते घडलं तसं सांगतो. त्याला काय नाव द्यायचं ते वाचणाऱ्यानं ठरवावं.

वैशाखऱ्याच्या अलीकडे, मुरबाडहून माळशेज घाटाकडं जाणाऱ्या रस्त्याच्या काठी आमचं गाव. मी आठ वर्षांचा असताना वडील गेले. आई रानातून हिरडे गोळा करून मुरबाडच्या बाजारात विकायची. व्यापाऱ्याशी बोलायला तिला जड जाई, म्हणून बोलायचं काम माझ्याकडं आलं. समोरचा माणूस पाठ फिरवून चालायला लागला म्हणजे त्याला माल हवा असतो, आणि खरोखर नको असेल तर तो उभा राहून गप्पा मारतो, हे मला दहाव्या वर्षीच कळलं होतं. गावची शाळा संपल्यावर मी कल्याणला गेलो आणि एका वकिलांच्या ओसरीवर मुक्काम ठोकला. त्यांच्या दोन मुलांना शिकवायचं, कागदांच्या नकला उतरवून द्यायच्या, विहिरीचं पाणी भरायचं, आणि त्याबदली राहायला जागा नि दोन वेळचं जेवण. तिथूनच मॅट्रिक झालो, तिथूनच आगगाडीनं मुंबईच्या कॉलेजात जाऊ लागलो. वकीलसाहेब एकदा नव्हे, चारदा म्हणाले होते, की पदवी हातात पडू दे, कचेरीतली एक जागा मी तुझ्यासाठी धरून ठेवली आहे. त्या शब्दावर मी वर्षानुवर्षं पाणी भरलं.

पदवी मिळाल्यावर पेढे घेऊन गेलो, तर त्या जागेवर त्यांचा भाचा रुजू होऊन पंधरा दिवस झाले होते. भाचा इंटरला दोनदा बसून दोनदा उठलेला. मी पेढ्यांचा पुडा ओसरीवर आपटला आणि अंगणात उभा राहून, शेजारपाजार गोळा होईपर्यंत बोललो. काय बोललो ते लिहिण्याजोगं नाही. वकीलसाहेब सुपारी कातरत होते. ती कातरून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, “शब्द दिला म्हणतोस, त्याला साक्षीदार कोण?” मी वळकटी उचलली आणि कल्याण सोडलं. तो प्रश्न मात्र माझ्याबरोबर गावाला आला.

गावात पहिले आठ दिवस माझं कौतुक झालं. वीस गावांत माझ्याइतकं शिकलेला कोणी नव्हता, त्यामुळं मी आता मामलेदार होणार हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. महिन्यानं लोक विचारू लागले, कधी जाणार? तीन महिन्यांनी विचारायचे थांबले, आणि ते जास्त लागलं. मी अर्ज पाठवत होतो. कुठून उत्तर येत नसे. एका ठिकाणाहून आलं, तर त्यांना टंकलेखन येणारा माणूस हवा होता. मला शेक्सपिअरचं नाटक येत होतं. नांगर धरला तर चुलत्यांची पोरं तोंडावर हात धरून हसत. इतकी वर्षं मी पुढं पुढं चाललो होतो, कारण पुढची पायरी समोर दिसत होती. आता पायऱ्या संपल्या होत्या आणि वर घर नव्हतं. आई एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, “तुज्या त्या कागदाला भूक नाय लागत, बाबा. आपल्याला लागते.” तिचा हेतू टोचायचा नव्हता. मला टोचलं, आणि त्या दिवशी मी जेवलो नाही.

मग मी ठरवलं की वकील व्हायचं. कायद्याची आवड मला मुळीच नव्हती. कल्याणात त्या वकिलांच्या बरोबर समोर घर भाड्यानं घ्यायचं, दारावर आपली पाटी लावायची, आणि रोज सकाळी सुपारी कातरताना त्यांना ती दिसावी, एवढ्यासाठी मला वकील व्हायचं होतं. माझ्या आयुष्याची दिशा मी अशा रीतीनं ठरवली होती. आज हसू येतं. तेव्हा तोच एक विचार मला सकाळी अंथरुणातून उठवत असे.

त्यासाठी मुंबईला दोन वर्षं काढावी लागणार होती, आणि तो खर्च उचलायला शहापूरचे एक शेठ तयार होते. त्यांची गवताची वखार होती. आमच्या डोंगरपट्ट्यातलं गवत दिवाळीनंतर कापून गाड्यांनी शहापुरात येई, तिथून आसनगाव स्टेशनवर मालगाडीच्या वाघिणींत भरून मुंबईच्या म्हशींच्या गोठ्यांना जाई. वखारीतला सौदा तोंडानं होत नसे. विकणारा नि घेणारा समोरासमोर बसत, हातांवर रुमाल टाकत, आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवत. आजूबाजूच्या कोणाला भाव कळत नसे. कॉलेजच्या दिवाळीच्या सुट्यांत मी शेठच्या वतीनं रुमालाखाली हात घालायला बसत असे, आणि शेठ म्हणत की ह्या पोराच्या बोटांत सरस्वती आहे. आता त्यांचं म्हणणं होतं की मी सबंध हंगाम त्यांच्याकडं बसावं, मग जूनपासून कायद्याच्या वर्गाचं ते पाहतील. अमुक दिवसापर्यंत ये, नाहीतर दुसरा माणूस बघतो, असा त्यांचा निरोप होता.

आई म्हणाली, जायच्या आधी देवाला विचार. आमच्या गावदेवाचं ठाणं गावाच्या वरच्या अंगाला, ओढ्यापलीकडं आहे. शेंदूर फासलेला पुरुषभर उंचीचा उभा दगड. लग्न ठरवायचं असो, विहीर खणायची असो, आमच्याकडं आधी तिथं कौल लावतात. गुरव दगडाच्या उजव्या नि डाव्या अंगाला पाण्यात भिजवलेल्या फुलांच्या कळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि सगळे गप्प बसून वाट पाहतात. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. एका गोष्टीला कौल एकदाच मागायचा, ही रीत. कॉलेजात असताना मी ह्या रीतीला हसत असे. पण पायाखालची जमीन हलली की माणूस जिथं हात लागेल तिथं धरतो, तसा मीही जाऊन बसलो.

धोंडूकाका गुरवांनी विचारलं, आणि डावी कळी पडली. मी म्हणालो, वारा आला होता, पुन्हा लावा. काकांनी माझ्याकडं पाहिलं, पण लावली. या वेळी मी मनातल्या मनात देवाला पितळेची घंटा बोललो. पुन्हा डावीच पडली. मग मी उघडच म्हणालो, की घंटा आणि वर चांदीचे डोळे. आई मागून माझा सदरा ओढत होती. तिसऱ्या वेळी दोन्ही कळ्या दगडाला चिकटून बसल्या त्या बसल्याच. ऊन डोक्यावर आलं, कळ्या सुकायला लागल्या, तरी एकही पडेना. मी पायऱ्या बांधून देण्यापर्यंत आलो तेव्हा धोंडूकाका उठले आणि गुडघे झाडत म्हणाले, “अरे, ह्यो काय म्हशाच्या गुरांच्या जत्रंतला बैल हाय? मगाधरनं थोडं थोडं वाढवत चाललायस तो.”

आजूबाजूला दोन-चार माणसं होती, ती हसली. मला ते सहन झालं नाही. मी देवाला म्हणालो, की नाही म्हणायला कोणालाही येतं, मग काय करू ते तरी सांग; आणि सांगायचं नसेल तर तू नि तो वकील सारखेच. नारळाचा तुकडा न घेताच मी उतार उतरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी आईशी न बोलता शहापूरची वाट धरली.

पहिला मुक्काम सरळगावला ओळखीच्या घरी केला. दुसऱ्या दिवशी उठलो तेव्हाच अंग मोडून आलं होतं. काळू नदी उतरताना पाणी मांडीपर्यंत होतं आणि ते मला बर्फासारखं लागलं. पलीकडच्या काठावर हुडहुडी भरली. हिवताप आमच्या भागात कोणाला नवा नाही. तो काय करणार हे मला माहीत होतं. पण शेठनं दिलेला दिवस दुसऱ्या दिवशी संपत होता, म्हणून मी चालत राहिलो. किन्हवलीच्या अलीकडं कुठंतरी रस्त्याच्या कडेला एका करंजाच्या झाडाखाली बसलो, एवढं आठवतं. बसलो की पडलो ते सांगता येत नाही. डोळ्यांपुढं झाडाची पानं मोठी होत होती, लहान होत होती. मी मरणार, आणि मेलो तर कल्याणच्या त्या माणसाला आपलं जिंकल्यासारखं वाटेल, असा विचार आल्याचं मला स्पष्ट आठवतं. शेवटचा म्हणून जो विचार आला, तो आईचा नव्हता, देवाचा नव्हता, त्या वकिलाचा होता. हे लिहायला लाज वाटते, पण ते सोडून बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही.

त्यानंतर गाडीच्या चाकांचा आवाज आहे, बैलांचा वास आहे, आणि सगळ्या बाजूंनी सुकं गवत. कोणीतरी मला गवताच्या गाडीत खळगा करून निजवलं होतं. मी पडू नये म्हणून एक म्हातारा माझ्याशेजारी बसून माझा उजवा हात घट्ट धरून होता. तो हात लाकडासारखा टणक होता. मी मधे मधे भान येऊन डोळे उघडले की तोंड दिसत नसे, कारण ऊन त्याच्या पाठीमागं होतं. फक्त तो हात कळे. मी तो सोडवायचा प्रयत्नही केला, असं मागून समजलं. शेठनं रुमाल मांडला आहे, मला जायचं आहे, असं बडबडत होतो म्हणे.

शुद्धीवर आलो तो तिसरा दिवस होता. कुडाची झोपडी, शेणानं सारवलेली जमीन, दारातून आलेलं सकाळचं ऊन. एक म्हातारी माझ्यापुढं कडू काढ्याची वाटी धरून बसली होती. तिचं नाव नवशी, नवऱ्याचं गोमा. ठाकरांचा तो पाडा, सारी सात-आठ घरं. त्यांतल्या तीन घरांनी मिळून कापलेलं गवत घेऊन गोमाबाबा नि त्यांचा मुलगा शहापूरला निघाले होते, आणि वाटेत मी दिसल्यावर त्यांनी गाडी पाड्याकडं माघारी वळवली होती. बाजाराचा दिवस गेला होता. उतरवलेलं गवत अंगणात अस्ताव्यस्त पडलं होतं, आणि दोन दिवस शेजारी येऊन विचारत होते की गाडी परत कधी भरायची. नवशीआजीनं मला पेज भरवली. मी शहापूरला जायचं म्हणून उठायला गेलो आणि पुन्हा आडवा झालो. शेठनं दिलेला दिवस टळून गेला होता. मी भिंतीकडं तोंड करून रडलो. आजीला वाटलं ताप उतरतोय.

दुपारी गोमाबाबा येऊन जवळ बसले. ताप बघायला त्यांनी माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. मग म्हणाले, “तू शेठच्या वखारीत बसायचास. तीन वर्सं झाली त्याला.”

मी विचारलं, मला पाहिलं होतं का? ते म्हणाले, तोंड ध्यानात नव्हतं; वखारीत कोणाच्या तोंडाकडं बघायची सवय नाय आमाला. “पन गाडीत हात धरला नि वळखला. रुमालाखाली ह्योच व्हता.”

तेव्हा मला आठवलं. ते मी विसरलो होतो असं म्हणणं खोटं होईल. त्याकडं परत बघायची गरज पडली नव्हती, इतकंच. त्या वर्षी एका म्हाताऱ्या गाडीवाल्याला मी रुमालाखाली एक भाव दिला होता, आणि गवत वखारीत उतरून झाल्यावर त्याहून कमी बोटं दाबली होती असं सांगितलं होतं. म्हातारा हळूच म्हणाला, की असं नव्हतं. त्यावर मी उठून उभा राहिलो आणि सगळ्या गाडीवाल्यांदेखत त्याला खोटारडा म्हणालो. माझा आवाज मोठा, मी शिकलेला, आणि रुमालाखाली काय झालं ते दोघांशिवाय कोणी पाहिलेलं नाही. लोक त्यालाच हसले. तो बैल जुंपून निघून गेला. शेठनं त्या दिवशी मला हॉटेलातून जिलबी मागवून खाऊ घातली होती.

मी गोमाबाबांना विचारलं, ओळखलंत तर मला पाड्यावर का आणलंत? ह्या प्रश्नाचं उत्तर ऐकायची माझी तयारी नव्हती. पण न विचारताही राहवेना.

“वळखला तवा तू गाडीत चढलेला व्हतास,” ते म्हणाले. “मंग काय खाली टाकू?”

चुलीपाशी बसलेली नवशीआजी म्हणाली, “मनात आलं व्हतं ह्याच्या. हितं आल्यावर मी म्हंगालं, गवत उसकाटलंच हाय आता, ऱ्हाऊ दे.” दोघंही हसले. मीही हसायला गेलो, आणि माझं हसू मधेच मोडलं.

ते सबंध दोन दिवस मी त्या दारातल्या उन्हाकडं बघत पडून होतो. मला कोणी रागावलं असतं तर मी भांडलो असतो; भांडायची मला सवय होती. इथं भांडायला समोर कोणी नव्हतं. वकिलांनी मला विचारलेला प्रश्न, साक्षीदार कोण, तो मी त्यांच्या आधी अडीच वर्षं ह्या माणसाला विचारून मोकळा झालो होतो. फरक एवढाच, की ते सुपारी कातरत होते आणि मी जिलबी खाल्ली. इतके महिने मी देवाला म्हणत होतो की मला फसवलं त्याचं काहीतरी कर. त्यानं माझं गाऱ्हाणं ऐकलं असतं, आणि सगळ्यांनाच एका मापानं मोजलं असतं, तर मी त्या करंजाखालून उठलो नसतो. दगडाला चिकटून बसलेल्या त्या दोन कळ्यांचाही मला विचार आला. तो नकार नव्हता, होकारही नव्हता. मी भाव वाढवत होतो आणि समोरचा सौद्यालाच बसलेला नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीही न बोलता, काहीही देऊ न करता हात जोडले. काय मागावं ते सुचलं नाही, म्हणून काही मागितलं नाही. आणि मला झोप लागली.

पाचव्या दिवशी गाडी पुन्हा भरली आणि मी तिच्याबरोबर शहापूरला गेलो. वखारीपुढं दहा-बारा गाड्या लागल्या होत्या. शेठ गादीवर होते. मला बघून त्यांचा चेहरा फुलला. उशीर झाला खरा, पण दुसरा माणूस मिळाला तो कामाचा नाही, असं म्हणून त्यांनी शेजारी जागा करून दिली आणि लाल रुमाल माझ्या मांडीवर टाकला. माझा गेलेला दिवस मला परत मिळाला होता. मुंबई, वकिली, पाटी, सगळं त्या रुमालावर होतं. खोटं कशाला बोलू, मी क्षणभर तो रुमाल हातात धरून बसलो. समोर गोमाबाबा येऊन बसले आणि त्यांनी नेहमीच्या रीतीनं हात पुढं केला. शेठच्या माणसापुढं धरायचा तसा, मान खाली घालून.

मी रुमाल घडी करून शेठच्या गादीवर ठेवला आणि उठून गोमाबाबांच्या बाजूला जाऊन बसलो. शेठना ती थट्टा वाटली. मग मी बोललो. सबंध वखारीला ऐकू जाईल असं बोललो, पण चढ्या सुरात नाही. तसा आवाज आपल्याकडं आहे हे मला तेव्हाच कळलं. मी म्हणालो, “तीन वर्षांपूर्वी ह्या जागेवर मी गोमाबाबांना खोटं पाडलं. खोटा मी होतो. त्यांनी सांगितलेला भाव खरा होता.”

गाडीवाले उठून उभे राहिले होते. मला वाटलं, गोमाबाबांच्या डोळ्यांत पाणी येईल, निदान ते माझ्याकडं बघतील. ते बैलाच्या पाठीवरची माशी हाकत होते. मग मला म्हणाले, “गवत सुकं हाय, भिजल्यालं नाय, ते सांग शेठला.”

मी सांगितलं. मोठ्यानं सांगितलं आणि भावही मोठ्यानं मागितला. शेठ संतापले. ही काय रीत झाली, बापजाद्यांपासून रुमालाखाली चाललंय, बी.ए.चं डोकं तापानं फिरलंय, असं बरंच बोलले. उघड्यावर सौदा करणार नाही म्हणून त्यांनी तोंड फिरवलं. एरवी मी भांडायला उठलो असतो. त्या दिवशी मी गाडीच्या सावलीत बसून राहिलो, कारण वखारीत चार हंगाम काढल्यामुळं एक गोष्ट मला ठाऊक होती. आसनगावला त्यांची वाघीण सकाळपासून उभी होती आणि ती संध्याकाळच्या आत भरायलाच हवी होती. मागच्या गाडीवाल्याला मी ते हळूच सांगितलं. त्यानं त्याच्या मागच्याला. त्या दिवशी एकानंही रुमालाखाली हात घातला नाही. उन्हं कलायला लागली तेव्हा शेठ स्वतः उठून आले आणि सगळ्यांदेखत, तोंडानं भाव बोलले. मी तो एका चिठोऱ्यावर लिहून गोमाबाबांना दिला. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि फेट्यात खोवला.

मी काही ठरवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी गावी परत जायचं आणि मग बघायचं, एवढंच डोक्यात होतं. पण बैल सोडत असताना दोन गाडीवाले आले आणि पुढच्या बाजाराला आमच्या बाजूनं बसशील का, असं विचारू लागले. त्याच्या पुढच्या बाजाराला सहाजण होते. मग हिरड्याच्या दिवसांत मुरबाडच्या बाजारात आईच्या वयाच्या बायका माझ्याभोवती बसू लागल्या. शेठनी वर्षभर माझ्याशी अबोला धरला, नंतर तेही रुळले. उघड्या सौद्यात भांडणं कमी होतात, असं ते आता दुसऱ्यांना सांगतात. दोन वर्षांपूर्वी रानात काम करणाऱ्यांची सोसायटी निघाली, तिचं लिहिणं नि बोलणं माझ्याकडं आलं, आणि त्यासाठी मी शहापुरात बिऱ्हाड केलं. आईला पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, म्हणजे लहानपणी माझ्यासाठी करायचास तेच. मला इतकी वर्षं शिकून जे सापडलं नव्हतं, ते तिनं भाकरी उलटताना सांगून टाकलं.

वकीलसाहेबांवरचा राग गेला का, असं कोणी विचारलं तर नाही म्हणेन. त्यांनी केलं ते वाईटच होतं. कल्याणला कामासाठी जातो तेव्हा त्या गल्लीच्या तोंडाशी अजून माझं डोकं तडकतं. तेव्हा मी जरा थांबतो, आणि कोणीतरी मला ओळखूनही गाडीतून खाली टाकलं नव्हतं, हे स्वतःला सांगतो. राग जात नाही. पण त्याच्या मागं मागं चालायचं मात्र सुटलं आहे. गोमाबाबा लढाईच्या दिवसांत गेले. त्यांना खांदा देण्याचं भाग्य मला मिळालं, आणि त्याबद्दल मी देवाचा फार ऋणी आहे. नवशीआजी अजून आहे. मी गेलो की अजून माझ्या कपाळाला हात लावून ताप बघते.

माझ्याकडं येणाऱ्या त्या मुलांना मी उपदेश करत नाही. मी काय व्हायचं ते मी कुठं ठरवलं? जे ठरवलं होतं ते सगळं कोणीतरी माझ्या हातातून काढून घेतलं, आणि हात मोकळे झाले तेव्हाच त्यांत काम पडलं. पूर्वी मी रोज विचारत असे, माझं पुढं काय होणार? आता सकाळी हात जोडतो तेव्हा विचारत नाही. नुसता उभा राहतो, आणि दार उघडतो.

काल सकाळी दार उघडलं तर शहापूरच्या माझ्या घराच्या ओट्यावर एक म्हातारी बसली होती. कुठल्यातरी लांबच्या पाड्यावरची. मी तिला कधी पाहिलेलं नव्हतं. शेजारी गवताचा एकच भारा. चालून चालून पाय धुळीनं पांढरे झालेले. तिनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

“हितं कोन तरी गरिबाच्या बाजूनं बोलनारा हाय म्हंतात,” ती म्हणाली. “त्यो तूच का रं?”

मी हो म्हणालो, आणि वहाणा पायात सरकवल्या.